सोमवारची गोळी

२ फेब्रुवारी, सोमवार

सविता, ही डायरी तू दिवाळीत दिलीस आणि म्हणालीस, "नाना, रोज दोन ओळी लिहा, डोकं हलकं हुतं." आता माघ निम्मा झाला. एवढा उशीर केला त्याबद्दल राग धरू नको. चौथीपर्यंतचं शिक्षण, जोडाक्षरं निम्मी विसरलो. शिवाय काय लिहावं याची भीती वाटत होती. तू ही कधी वाचशील असंही नाही, पण कोणाशी तरी बोलल्यासारखं लिहिलं म्हणजे हात चालतो. म्हणून तुझं नाव घातलं.

वैजनाथ आणि सूनबाई सुरेखा पोरांना घेऊन कार्तिकात उसाच्या तोडीला गेले, ते तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून घरात मी आणि तुझी आई. श्रावणात तिची उजवी बाजू गेली तेव्हा ती दळणाचे गहू निवडत होती. तिच्या तोंडात तोच एक शब्द राहिला. पाणी पाहिजे असेल तरी "दळण", कूस बदलायची तरी "दळण", माझा राग आला तरी "दळण". सुरानं ओळखावं लागतं. मला बहुतेक ओळखता येतं.

सकाळी तिचं अंग पुसतो, पाठीला तेल लावतो. डॉक्टरनं सांगितलं होतं की पाठीला जखम झाली तर भरत नाही. म्हणून दिवसातून चार वेळा कुशीवर वळवतो. तेवढ्या वेळाला दाराची कडी आतून लावतो. वस्तीवर कोण कधी डोकावेल सांगता येत नाही. आपल्या माणसाचं उघडं अंग दुसऱ्यानं बघावं हे मला चालत नाही. पुसताना ती तोंड भिंतीकडे करून घेते. पाणी गार लागत असावं. उद्यापासून जास्त तापवीन.

आज सोमवार, माझा उपास. ती उठून चालेपर्यंत सोमवार सोडायचा नाही असं महादेवाला बोललो आहे. दुपारी अंगाला एवढा घाम फुटला की बंडी पिळून काढावी. थंडीचे दिवस आणि घाम. शुगर वाढली असणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वैजनाथचा फोन आला. तिकडे कर्नाटकात रेंज मिळत नाही, टेकडीवर चढून बोलतो. "नाना, कसं हाय?" मी म्हणालो, "बरं हाय." "आई?" "बरी हाय." "आन् तुमी?" "मला काय झालंय?" मग तो उसाविषयी बोलला आणि फोन तुटला. नंतर मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो. गॅस बंद केला का हे तीनदा बघून आलो. बंदच होता.

७ फेब्रुवारी, शनिवार

शुगर उतरायची तर खाणं कमी पाहिजे. आजपासून एका वेळी अर्धीच भाकरी. चहा बिनसाखरेचा आणि बिनदुधाचा. दवाखान्यातल्या कागदावर लिहिलंय की गोड नको, बटाटा नको, साबुदाणा नको, केळी नको. म्हणजे उपासाला खायचं असं काहीच राहत नाही. बरंच झालं. कडक उपासाला देव लवकर पावतो.

गोळ्या मात्र कधी चुकवत नाही. छोटी पांढरी गोळी जेवणाआधी अर्धा तास, सकाळ-संध्याकाळ. सोमवारीसुद्धा चुकवत नाही. औषधाला उपास नसतो, हे मी पहिल्यापासून पाळत आलो आहे.

शेजारचा रज्जाक सरपणाच्या ढिगाजवळ भेटला. फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. म्हणाला, "नाना, वाळून खारीक झालात की. आरशात बघता का कधी?" मी म्हणालो, "आरसा तुझ्या वहिनीच्या खाटेपाशी टांगलाय, तिला दार दिसावं म्हणून." तो म्हणाला, "मग दाराला दाढी वाढलेली दिसत असंल तिला." त्याला चेष्टा सुचते. दाढीला पाणी तापवायचं म्हणजे तिच्या अंगाचं पाणी कमी पडतं, हे त्याला काय माहीत?

९ फेब्रुवारी, सोमवार

आज वाईट झालं. दुपारी तिला खिमट भरवताना हात असा लटपटायला लागला की चमच्यातलं सगळं तिच्या गळ्यावर सांडलं. ओठाला मुंग्या आल्या. समोरची भिंत दोन दोन दिसायला लागली. तिनं डोळे वटारले आणि एकदाच म्हणाली, "दळण." हा सूर मला कळला नाही. रागाचा नव्हता.

खांबाला धरून बसलो. मनात आलं की आता इथंच पडलो तर तिला कोण वळवणार? तिला वळवताना लावलेली कडी आतून तशीच. ती हाक मारील तरी लोक म्हणतील म्हातारीचं दळण चाललंय. संध्याकाळी सोमवार सोडला, भात खाल्ला, तेव्हा थोड्या वेळानं बरं वाटलं. म्हणजे दिवसभराची शुगर रात्रीपर्यंत उतरते, असा माझा अंदाज आहे. उद्यापासून चतकोर भाकरी करून बघतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सविता, तुझा फोन. मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता. तू विचारलंस, "नाना, जेवता का नीट?" मी म्हणालो, "जेवतो की." तू म्हणालीस, "आईजवळ धरा फोन." ती तुझा आवाज ऐकून "दळण, दळण" करत राहिली आणि तू रडलीस. तुला वाटलं तिला काही दुखतंय. दुखत नव्हतं. ती चहाडी करत होती, माझी. मला सूर कळतो.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

सकाळी गोळी घेतली आणि देवळात जाऊन आलो. जाताना बाहेरून कडी लावली. येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. पिंडीवर बेल घातला पण काय मागायचं तेच आठवेना. रांगेत नुसता उभा राहिलो तर पाय लटपटले.

रज्जाकची बायको, बद्रूभाभी, उकडलेली रताळी घेऊन आली. "नाना, शिवरात हाय ना तुमची? गरम हायती, खा." मी दारातच ताटली घेतली. रताळं गोड असतं. तुझ्या आईला कुस्करून दूध घालून भरवली, उरलेली शेळीला दिली. शेळीनं फार आवडीनं खाल्ली. मी तिच्याजवळ उभा राहून बघत होतो. एवढी भूक मला लहानपणी लागायची.

उद्या शिवरात्र सोडायची, पण उद्याच सोमवार आहे. म्हणजे उद्या संध्याकाळीच जेवायचं. दोन दिवस सलग. असा योग देवानंच आणला असेल. तिचा पाय यानंतर हलेल असं मनाला फार वाटतंय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात बोटाला सुई टोचली ती दुखतेय, तरी लिहितो. सोमवारचं मला निम्मं आठवत नाही. बाकीचं भाभीनं सांगितलं.

सकाळी गोळी घेतली. कडी लावली, तुझ्या आईचं अंग पुसलं, दूध तापायला ठेवलं. नंतर गॅसची ज्योत लांब लांब जाताना दिसली, एवढंच डोळ्यांपुढे आहे.

भाभी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिचंच बोलणं लिहितो. "रोज ऐकते मी मनकर्णाक्काचं दळण. कानाला सवय झालीय. पण परवा ती थांबंचना. दळण, दळण, दळण. म्हटलं, एवढं कुठलं दळण निघालं हिचं? मग भांडं आपटल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं. मग दुधाचा करपट वास."

तिनं रज्जाकला हाक मारली. त्यानं टायर काढायच्या लोखंडी पट्टीनं कडी उचकटली. मी चूल आणि खाटेच्या मध्ये आडवा होतो. तुझ्या आईनं डाव्या हाताला लागेल ते सगळं दाराकडे फेकलं होतं. तांब्या, वाटी, औषधाची बाटली, शेवटी भिंतीवरचा आरसा.

मी अगदीच बेशुद्ध नव्हतो, बरळत होतो म्हणे. भाभीनं वाटीत साखरपाणी केलं. रज्जाक म्हणाला, "गिळतंय का बघ आधी, न्हाईतर ठसका लागंल." तोंडाला वाटी लागली तसं मी हातानं ढकललं. हे मला आठवतंय. मी म्हणालो, "मला शुगर हाय. साखर नका देऊ."

भाभी म्हणाली, "वर गेल्यावर बी शुगरच सांगा."

"माझा सोमवार हाय."

"गिळा आधी," रज्जाक म्हणाला, "मग भांडू आपण."

थोडं थोडं करून पाजलं. घोंगडी उसवावी तसं डोक्यातलं काळं हळूहळू निघत गेलं. उठून बसलो तेव्हा पहिलं तुझ्या आईकडे बघितलं. तिचा चेहरा ओला होता आणि ती माझ्याकडे नाही, वाटीकडे बघत होती.

बरं वाटल्यावर मी रडलो. दोघांना वाटलं घाबरून रडलो. मी रडलो ते सोमवार मोडला म्हणून. तोही साखरेनं.

काल रज्जाकनं मोटारसायकलवर खर्ड्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. भाभी तुझ्या आईपाशी थांबली. डॉक्टरीणबाई तरुण आहे, तुझ्यापेक्षा लहान. तिनं बोटातून रक्त काढलं आणि सगळं विचारलं. काय खाता, कधी खाता, गोळी कधी घेता. मी अभिमानानं सांगितलं की उपासालासुद्धा गोळी चुकवत नाही. तिनं पेन खाली ठेवलं.

"आजोबा, ती गोळी जेवणाची शुगर खाली आणायला आहे. जेवणच नसेल तर ती कुठली शुगर खाली आणणार? तुमच्या अंगात लागते तेवढीही ती काढून घेते. तुमची शुगर वाढत नव्हती, उतरत होती. घाम, थरथर, मुंग्या, सगळं त्याचंच."

मी विचारलं, "म्हंजे अर्धी भाकरी केली ते?"

"ते उलटं केलंत."

छोटी गोळी तूर्त बंद केली. दोन्ही वेळा पोटभर, मध्ये फुटाणे नाहीतर ताक, आणि एकही उपास नाही. बाकी गोड, साखर नकोच, फक्त खिशात दोन-चार गोळ्या पेपरमिंटच्या ठेवायच्या, असा घाम फुटला तरच तोंडात टाकायच्या. मी मान डोलावली. मनात सोमवारचाच हिशेब चालला होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रज्जाकचे रोजे आजपासून. संध्याकाळी तो रोजा सोडून आला, हातात खजूर. मला म्हणाला, "तुमाला न्हाई देत, भिऊ नका." मग बसला.

मी विचारलं, "रज्जाक, तुला बी शुगर हाय. तू पाणीसुदा पीत न्हाईस. तू कसा न्हाई पडत?"

"मी डॉक्टरला इचारून रोजा धरतो. पंधरा दिस आधी जातो. ते गोळीची वेळ बदलून देतात, कमी करून देतात. सकाळची बंदच. आन् हात थरथरला तर रोजा तिथंच सोडायचा, असं बजावलंय."

"आन् देवाला काय वाटंल?"

"आजाऱ्याला माफ हाय आमच्यात. तुमच्या महादेवाला इचारलं का तुमी? का नुसतंच त्याला सांगून आलात?"

सांगूनच आलो होतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पडताना कंबरेला मार लागला, म्हणून डॉक्टरीणबाईनं तीन-चार दिवस वाकायचं नाही असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही आणि आज कंबर धरली. त्यामुळे आज बद्रूभाभीनं तुझ्या आईचं अंग पुसलं. मी नको म्हणत होतो. रोजा धरलेली बाई, तिला कशाला हे? तर मला म्हणाली, "बाहीर व्हा नाना. बायकांच्यात काय काम तुमचं?"

ओट्यावर बसलो. आतून आधी पाण्याचा आवाज आला, मग भाभीची बडबड. शेजारच्या सुनेची काहीतरी गंमत सांगत होती. मग तुझी आई हसली.

सविता, श्रावणापासून ती हसली नव्हती. सुरेखा गेल्यापासून तीन महिने मी पुसतोय, पाणी तापवतोय, तेल लावतोय. एकदाही हसली नाही. दरवेळी तोंड भिंतीकडे. आज दार उघडल्यावर बघितलं तर डोक्याला तेल लावून वेणी घातलेली आणि तोंड दाराकडे. भाभी काय वेगळं करते ते कळलं नाही. पाणी तर माझ्यापेक्षा कोमटच होतं.

मला वाईट वाटलं. लिहायला नको होतं, पण वाटलं.

ओट्यावर रिकामं बसायचं म्हणून मग मीही दाढी केली.

२२ फेब्रुवारी, रविवार

उद्या सोमवार.

देवळात जाऊन आसाराम गुरवाला विचारलं की बोललेला सोमवार सोडता येतो का. तो म्हणाला, "तुमी कशासाठी धरला?" "ही उठावी म्हणून." "मग तुमीच पडलात तर तिला उठवायला कोण ऱ्हाईल?" मी म्हणालो, "तसं न्हाई, शास्त्रात काय हाय?" तो म्हणाला, "शास्त्र मला कुठं येतं? मी दिवा लावतो. दूध वाहा, बेल वाहा, आन् घरी जाऊन जेवा."

त्याच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही, कारण तो स्वतः कुठलाच उपास धरत नाही. सगळे मला जेवा म्हणतात. पण माझ्या जेवण्यानं तिचा पाय कायमचा गेला तर त्यातला एकही माणूस माझ्या जागेवर येऊन बसणार नाही. मी त्या खाटेसमोर बसणार आहे.

एक वाट सुचली आहे. गोळी तर बंदच आहे. मग उद्या गुपचूप उपास धरायचा. डॉक्टरीणबाई म्हणाली होती की त्या गोळीचा अंमल माझ्या अंगात लांबलेला असू शकतो. पण खिशात पेपरमिंट आहेच. कोणाला कळायचं कारण नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तिला कळलं.

सकाळी देवळातल्या कर्ण्यावर महादेवाची आरती लागते, त्यावरून तिला सोमवार ओळखता येतो हे माझ्या ध्यानात नव्हतं. मी तिच्यासाठी गॅसवर खिमट केलं, माझ्या भाकरीसाठी चूल पेटवलीच नाही. चमचा तोंडापाशी नेला तर तिनं ओठ मिटले. म्हटलं, गरम असेल. फुंकून दिला. ओठ मिटलेलेच. डाव्या हातानं वाटी माझ्याकडे ढकलली.

"मी खाल्लंय," मी म्हणालो.

ती चुलीकडे बघायला लागली. चूल थंड होती.

"अगं, मंग खाईन. तू खा आधी."

"दळण," ती म्हणाली. हा सूर लग्न झालं तेव्हापासून मला माहीत आहे. यापुढे बोलणं नसतं.

मी उठून बाहेर गेलो, शेळीला पाला टाकला, परत आलो. पुन्हा चमचा, पुन्हा मिटलेले ओठ. पाणीसुद्धा घेईना. ऊन अंगणातून ओट्यावर आलं. माझ्या हाताला बारीक थरथर सुरू झाली होती, ती भीतीची की दुसरी, मला सांगता येणार नाही. तिचेही ओठ सुकले होते. माझ्यासाठी तिनं सोमवार धरला होता आणि तिच्यासाठी मी. दोघं समोरासमोर बसलो होतो. घरात शिजवलेलं असून कोणी खात नव्हतं.

शेवटी मला तिची भीती वाटली. तिच्या अंगात साठा किती असणार? मी भाकरी केली. दोन केल्या. पिठल्यात मीठ जास्त पडलं. तिच्यासमोर ताट घेऊन बसलो आणि पहिला घास घेतला तेव्हा महादेवाकडे नाही, तिच्या पायाकडे बघितलं. पाय होता तसाच होता.

ती माझा प्रत्येक घास बघत राहिली. एक भाकरी संपली तर दुसरीकडे बोट केलं. ती संपल्यावर तिनं तोंड उघडलं.

आता मी काय वाचवलं आणि काय घालवलं ते मला ठरवता येत नाही. पोट भरल्यावर झोप फार चांगली लागली, त्याचीही लाज वाटली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काल पुन्हा दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणते, जामखेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दोन-तीन दिवस राहावं लागेल. मूत्रपिंडावर ताण आलाय का ते बघायचं, आणि नवी गोळी सुरू करून शुगर कशी राहते ते तिथंच तपासायचं. छोटी गोळी बंद असली तरी शुगर अशीच मोकळी सोडून चालणार नाही. पुढच्या आठवड्यात जायचं, जास्त लांबवायचं नाही.

मी म्हणालो, "बाई, मला न्हाई जमणार. घरी माणूस हाय."

ती म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण घरातलं माणूसच आहात."

ती बोलली ते बरोबर असेल. पण ते ऐकून घरी आलं तरी खाट आहे तिथंच असते. दिवसा बद्रूभाभी बघते म्हणाली. संध्याकाळी तिचा रोजा, पहाटे सहेरीचा स्वयंपाक, तिच्या घरात सात माणसं. रात्रीचं तिला कोणत्या तोंडानं सांगू? वैजनाथला बोलावलं तर तोडीला नवरा-बायकोची लावलेली जोडी मोडते आणि सुरेखा एकटी कोयता धरू शकत नाही. आणि तुला बोलवायचं तर लेकीला कामाला बोलावणारा बाप आमच्या घरात झाला नाही. दिलेल्या लेकीच्या हातून आपली सेवा करून घ्यायची नाही, असंच मी बघत आलो.

तरी दुपारी तुला फोन लावला. काय बोलायचं ते चारदा घोकून ठेवलं होतं. तुझ्या सासूबाईंनी उचलला. "काय म्हणतंय व्याही, बरं हाय का?" माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "बरं हाय." मग तू आलीस. "नाना, काय विशेष?" मी म्हणालो, "काय न्हाई, आवाज ऐकावा म्हटलं." फोन ठेवल्यावर तुझी आई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी इथं लिहीत नाही.

फोनवर मला खरं बोलता येत नाही, सविता. तेव्हा असं ठरवलंय. वस्तीवरला कानिफनाथ उद्या टेम्पोत कांदा घेऊन तुमच्या सोनईकडे येणार आहे. ही पानं डायरीतून काढून त्याच्याजवळ देतो. रताळ्यांचं, हसण्याचं, सगळं त्यात आहे. खोडून काढावं असं वाटलं होतं, पण मग काहीच शिल्लक राहिलं नसतं. सासूबाईंना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

दोन-तीन रात्री आईपाशी थांबायला येशील का? 'ये' असं मला लिहिता येत नाही, म्हणून विचारतो. घरच्यांची अडचण असेल तर नाही म्हण, मी रुसणार नाही, दुसरं काही बघू. पण मी वाट बघत बसलो की मला खाणं सुचत नाही, आणि मी खाल्लं नाही की ती तोंड उघडत नाही. कानिफनाथ शनिवारी माघारी येतोय. त्याच्याजवळ हो का नाही, एवढा निरोप धाड. लवकर धाड.